राणी कमलापती : नाव आणि अधिकार

भोपाळच्या हबीबगंज रेल्वे स्थानकास नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती यांचे नाव देण्यात आले. तेव्हापासून गाडीतून उतरणारा मराठी पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो. कमला म्हणजे लक्ष्मी. तिचा पती तो कमलापती, म्हणजे साक्षात् विष्णू. मग हे नाव राणीचे कसे? ते राजाचे असावे, निदान राजपुत्राचे तरी असावे. शंका अगदीच निराधार नाही. कमलापती त्रिपाठी नावाचे गृहस्थ १९७१ ते १९७३ या काळात उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री होते आणि पुढे दोनदा देशाचे रेल्वेमंत्रीही झाले. ज्या खात्याचा कारभार एका पुरुष कमलापतींनी पाहिला, त्याच खात्याच्या एका स्थानकास स्त्री कमलापतींचे नाव मिळाले, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु शंकेचे उत्तर त्यात नाही.

उत्तर म्हणून बहुधा असे सांगितले जाते की, राणीचे मूळ नाव 'कमलावती' असावे. 'व' चा 'प' कोणा कारकुनाने किंवा भाटाने केला असावा. कित्येकांच्या तोंडी आजही कमलावती हेच रूप आहे, आणि तळ्यांत भोपाळचे तळे व राण्यांत ही राणी असा गौरव करणारी जी म्हण या शहरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तीही दोन्ही रूपांनी ऐकू येते. कोणी तोडगा म्हणून नुसते 'राणी कमला' म्हणून मोकळे होतात. तळ्याकाठच्या बागेला तर कमला पार्क असेच नाव आहे. आमच्या मते ही दुरुस्ती अनावश्यक आहे. एवढेच नव्हे, तर तिच्यामुळे त्या नावातील नेमकी महत्त्वाची गोष्टच पुसली जाते. ती कोणती, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम राणीविषयी थोडेसे. भोपाळच्या दक्षिणेस विंध्याच्या रानात गिन्नोरगड नावाचा गोंडांचा किल्ला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे निजामशहा नावाचा गोंड राजा राज्य करीत होता. नाव निजामशहा आणि राजा गोंड, हे पाहून दचकण्याचे कारण नाही. गढा-मंडल्याचे संग्रामशहा, दलपतशहा हेही गोंडच होते. मध्य हिंदुस्थानात नावे धर्माची आणि जातीची वेस ओलांडून सहज हिंडत असत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी. निजामशहास त्याच्याच नातेवाइकांनी विष घालून मारले. मागे विधवा राणी कमलापती आणि अल्पवयीन पुत्र नवलशहा अशी दोघे उरली. त्या सुमारास तिराह प्रांतातून आलेला दोस्त महंमद खान नावाचा पठाण सरदार या मुलुखात आपले बस्तान बसवीत होता. राणीने त्याची मदत मागितली, त्यास राखी बांधली आणि पतीच्या मारेकऱ्यांचे पारिपत्य करण्याबद्दल एक लक्ष रुपये देण्याचे कबूल केले. काम झाले, परंतु एवढी रोकड राणीजवळ नव्हती. तिने निम्मी रक्कम दिली आणि उरलेल्या रकमेच्या मोबदल्यात भोपाळ हे गाव त्यास दिले. परंपरा अशी सांगते, आणि आजच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचा जन्म या व्यवहारातून झाला.

राणीच्या अंताविषयी दोन कथा आहेत. नवाबी घराण्याच्या इतिहासानुसार ती अखेरपर्यंत दोस्त महंमदाशी सलोख्याने राहिली आणि तिच्या मृत्यूनंतर त्याने गिन्नोरगड घेतला. लोकपरंपरेनुसार दोस्त महंमदाची नजर फिरली, नवलशहा लढाईत पडला, आणि राणीने तळ्यात जलसमाधी घेतली. सध्या दुसऱ्या कथेवरच भर दिला जातो; पुतळे आणि भाषणे तिच्यावरच उभी राहतात. आम्ही येथे त्या वादात शिरत नाही. मात्र एक खंत नोंदवून ठेवतो. दोन्ही पक्ष राणी मेली कशी यावर हिरिरीने बोलतात. ती जिवंत असता तिने जो व्यवहार केला, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि नावाचा अर्थ तर त्या व्यवहारातच उलगडतो.

आता 'कमलावती' या पाठाकडे वळू. हे नाव गोंड राजकुळांस अपरिचित नव्हते. १५६४ मध्ये राणी दुर्गावती मोगलांशी लढताना धारातीर्थी पडली. त्यानंतर चौरागडावर जोहार झाला. त्यातून ज्या दोन स्त्रिया जिवंत सापडल्या व अकबराच्या दरबारी पाठवण्यात आल्या, त्यांपैकी एक दुर्गावतीची बहीण होती आणि तिचे नाव अबुल फजलने कमलावती असेच दिले आहे. तेव्हा दुरुस्तीवाद्यांस आधार नाही असे नाही. परंतु पोथ्यांचे पाठ तपासण्याचे जे शास्त्र आहे, त्यात एक नियम आहे : दोन पाठांपैकी जो अवघड, तो बहुधा जुना. कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करतो. सोपा शब्द मुद्दाम अवघड करण्याची उठाठेव तो करीत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना याच कसोटीचा उपयोग केला. दुर्गावती, लीलावती, पद्मावती अशा नावांची सवय झालेला लेखनिक 'कमलापती' चे 'कमलावती' करील, हे सहज संभवते. उलट एका राणीचे सरळ बायकी नाव बदलून तिला विष्णूचे नाव कोण देईल? म्हणून कमलापती हाच मूळ पाठ, असे आम्ही मानतो.

पण मग व्याकरणाचे काय? ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही, आणि ती पाणिनीनेच सोडवून ठेवली आहे. 'पती' हा शब्द उच्चारताच आज आपल्या मनासमोर नवरा येतो. कोकणीत घोव म्हणावा तो. वस्तुतः शब्दाचा मूळ अर्थ स्वामी, पालक, धनी असा आहे. सेनापती सेनेचा नवरा नसतो, आणि राष्ट्रपतिपदी स्त्री आली म्हणून कोणी ते पदनाम बदलले नाही. 'दम' म्हणजे घर. त्या घराचे दोघे स्वामी ते दंपती. त्या जुन्या शब्दात नवरा-बायको असा भेद नाही. दोघेही धनीच आहेत. ग्रीक भाषेत देवतांना आणि राण्यांना लावण्यात येणारा 'पोत्निया' हा शब्द आपल्या 'पत्नी' चा सख्खा भाऊबंद आहे आणि त्याचा अर्थ स्वामिनी असा होतो. क्रीट बेटावरील व ग्रीस देशातील मृत्तिकापट्टांवरची जी प्राचीन लिपी मायकेल व्हेंट्रिस याने १९५२ मध्ये उलगडली, तीतही तो आढळला. तात्पर्य, पत्नी म्हणजे मुळात पतीची बायको नव्हे. पत्नी म्हणजे स्त्री असलेला पती.

अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ३३ वे सूत्र सांगते की, यज्ञाशी संबंध असता 'पति' शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'पत्नी' होते. लगेच पुढचे ३४ वे सूत्र सांगते की, त्या शब्दाच्या मागे दुसरे पद असेल तर हा बदल वैकल्पिक आहे. म्हणजे घराची स्वामिनी 'गृहपत्नी' तशीच 'गृहपति' सुद्धा. हाच न्याय लावला तर लक्ष्मीवर, म्हणजे संपत्तीवर, जिची सत्ता चालते ती स्त्री 'कमलापत्नी' म्हणा अथवा 'कमलापति' म्हणा, दोन्ही शुद्ध. या ठिकाणी काशिकावृत्तीच्या कर्त्यांनी एक प्रत्युदाहरण दिले आहे, ते तर आम्हांस फारच मोलाचे वाटते. मागे पद नसेल आणि यज्ञाचाही संबंध नसेल तर 'पति' शब्द स्त्रीविषयी बोलतानाही जसाच्या तसा राहतो, हे दाखवण्यासाठी ते म्हणतात की, एखादी ब्राह्मणी गावाची 'पति' आहे असे वाक्य करता येते. सातव्या शतकातील वैयाकरणास उदाहरणादाखल गावाची मालकीण सुचते, याचा अर्थ अशी स्त्री त्यास कल्पनेपलीकडची वाटत नव्हती. त्यानंतर हजारएक वर्षांनी विंध्यातील एका गोंड राणीने स्वतःच्या अधिकारात एक गाव देऊन टाकले. जे गाव आपले नाही, ते देता येत नाही.

व्याकरणात बसते म्हणून नाव ठेवतातच असे नाही, हे आम्ही जाणतो. गिन्नोरगडच्या दरबारात अष्टाध्यायीची पारायणे चालत असतील असा आमचा दावा नाही. या बाबतीत अधिक बोलका पुरावा भोपाळ शहराचाच आहे. स्त्रियांना पुरुषी नावे असणे ही गोष्ट या शहरास दोन शतके अंगवळणी पडली होती.

दोस्त महंमदाची एक पत्नी रजपूत कुळातील होती. माहेरचे तिचे नाव कुंवर सरदारबाई. लग्नानंतर ती फतेह बीबी झाली, आणि दोस्त महंमदाने तळ्याकाठी जो किल्ला बांधला त्यास तिच्या नावावरून फतेहगड म्हटले गेले. सरदार काय किंवा फतेह काय, एक शब्द अधिकाराचा, दुसरा विजयाचा. पुढे यार महंमद खानाची हिंदू घराण्यात जन्मलेली पत्नी ममोला हिने जवळजवळ अर्धे शतक राज्याच्या नाड्या आपल्या हाती ठेवल्या. ममोला म्हणजे खंजन पक्षी, आपल्याकडे ज्याला धोबी किंवा परीट म्हणतात तो. शेपूट नाचवीत पाण्याकाठी धावणाऱ्या त्या चिमुकल्या पाखराचे नाव धारण करणारी ही बाई पेशव्यांच्या काळातील सर्व घालमेलीत भोपाळ राखून राहिली. आपल्या वाचकांस हे सांगितले पाहिजे की, त्या घालमेलीत आपलाही वाटा मोठा होता. बाजीरावाने निजामास भोपाळातच कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याचा तह करविला. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी शहरास वेढा घातला, तेव्हा भोपाळच्या स्त्रिया तटावर उभ्या राहून लढल्या असे सांगतात.

१८१९ मध्ये नवाब नजर महंमद खान पिस्तुलाची गोळी लागून अपघाताने मृत्यू पावला. विशीच्या आतील त्याच्या विधवेने आपल्या तान्ह्या मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला. या विधवेचे नाव गौहर, म्हणजे रत्न. पुढे ती कुदसिया बेगम म्हणून ओळखली गेली. आणि मुलीचे नाव काय? सिकंदर! ग्रीक 'अलेक्झांद्रोस' चे हे फारसी रूप. अर्थ, पुरुषांचे रक्षण करणारा. त्या नावाचे स्त्रीलिंगी रूप युरोपात प्रचलित आहे. भोपाळने मात्र मुलीला जगज्जेत्याचे नाव जसेच्या तसे दिले. या सिकंदर बेगमचा विवाह जहांगीर महंमद खान याच्याशी झाला, आणि त्यांना १८३८ मध्ये जी कन्या झाली तिचे नाव ठेवले शाहजहान. मोगल वंशावळीत जहांगीराचा मुलगा शाहजहान. भोपाळात जहांगीराची मुलगी शाहजहान. शाळेतील मुलांची परीक्षेत धांदल उडावी असाच हा प्रकार आहे! शाहजहान बेगमनेही एक ताजमहाल बांधला. पण तो थडगे म्हणून नव्हे, तर स्वतः राहण्याचा वाडा म्हणून.

हे निव्वळ कौतुकाचे प्रकरण नव्हते. जहांगीरने गरोदर सिकंदरवर तलवार चालवल्याचा वृत्तान्त त्या घराण्याच्या इतिहासात आहे. १८४४ मध्ये तो वारला. पुढे सिकंदर बेगमने मुलीच्या नावाने कारभार केला आणि १८६० मध्ये इंग्रज सरकारने तिला स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता दिली. १८६८ मध्ये शाहजहान, १९०१ मध्ये सुलतान जहान. १९२६ मध्ये सुलतान जहान बेगमने मुलासाठी गादी सोडली, तोवर भोपाळने शंभर वर्षांतील बहुतेक काळ स्त्रियांचेच राज्य पाहिले होते. अलीगड मुस्लिम विद्यापीठाची ती पहिली कुलपती होती. पुन्हा तेच पद पाहा : कुलपती! तिला 'कुलपत्नी' म्हणण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

म्हणजे कमलापती, सिकंदर, शाहजहान या तीन नावांत धर्म वेगळा, भाषा वेगळी, परंतु रीत एकच. ही रीत गोंड राणीपासून पठाण बेगमांनी उचलली असे आम्ही म्हणत नाही. तसा धागा दाखवता येत नाही. मुद्दा इतकाच की, ज्या प्रदेशात स्त्रीस सिकंदर म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही, तेथे कमलापती हे नाव हस्तदोष मानण्याचे कारण उरत नाही.

आता आपल्या घरी येऊ. हे सर्व मध्य हिंदुस्थानातील नवल, आपल्या देवस्थानांशी त्याचा काय संबंध, असे ज्यांस वाटेल त्यांनी म्हार्दोळास जाऊन श्रीमहालसा नारायणीचे दर्शन घ्यावे. वेर्ण्याचे मूळ देवस्थान सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या उच्छेदामुळे सुटले आणि देवी अंत्रुज महालात, म्हार्दोळी येऊन राहिली, हा इतिहास आपल्या वाचकांस पाठ आहे. देवीच्या मूर्तीचे एक लक्षणही त्यांना ठाऊक आहे : देवीच्या अंगावर यज्ञोपवीत आहे. कारण महालसा म्हणजे मोहिनी. अमृत वाटण्यासाठी विष्णूने धारण केलेले स्त्रीरूप. लक्ष्मीचा पती जो नारायण, तोच स्त्री झाला म्हणून तिचे नाव नारायणी. लक्ष देऊन पाहिले तर 'स्त्री कमलापती' या दोन शब्दांचे सरळ भाषांतर 'नारायणी' असेच होईल. पिढ्यान् पिढ्या जानवे घातलेल्या देवीपुढे नारळ ठेवणाऱ्या आपल्या लोकांनी कमलापती नावाच्या राणीबद्दल साशंक व्हावे, हे विचित्रच नव्हे काय?

याची दुसरी बाजू अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशास आहे. ज्ञानेश्वरांनी जेथे ज्ञानेश्वरी सांगितली त्या नेवाशाचे दैवत मोहिनीराज. मोहिनी हे स्त्रीचे रूप आणि राज हे पुरुषाचे पद. दोन्ही एका नावात सुखाने नांदतात. त्या दैवतावरून महाराष्ट्रात मुलग्यांची नावे मोहिनीराज ठेवतात, आणि त्या मुलांना कोणी नाव बदलून घेण्यास सांगितल्याचे आम्ही ऐकले नाही. खंडोबाची म्हाळसा हिचेही नाते परंपरा नेवाशाशी जोडते. म्हाळसा हे नाव आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत घरोघर होते. आता ते जुनाट ठरले आहे. उलट कमल, कमला, कमलिनी ही नावे मात्र टिकून राहिली. ती कोमल वाटतात म्हणून.

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे नावांशी आमचा संबंध व्युत्पत्तीपेक्षा दस्तऐवजांतून अधिक येतो. जुन्या मराठी खतांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' घालून बापाचे नाव लिहीत. स्त्रीच्या नावापुढे येई तो 'कोम', किंवा 'मर्द', किंवा 'भ्रतार', आणि त्यानंतर नवऱ्याचे नाव. उत्तरेकडील कोर्टांत स्त्रीच्या नावाआधी 'मुसम्मात' लिहीत असत. या अरबी शब्दाचा अर्थ 'अमुक नावाची' असा आहे; परंतु हा शब्द लिहून झाल्यावर पुष्कळदा मूळ नाव लिहिलेलेच नसे, किंवा बबुई, बहू असे एखादे घरगुती संबोधन ठोकून दिलेले असे. नाव आहे म्हणायचे आणि नाव द्यायचे नाही, असा हा प्रकार!

आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळांत सोन्याच्या अंगठीने नववधूचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे. रीत गोड आहे, आणि ती हौसेने पाळणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. परंतु तिच्यामागे कायद्याचे कोणतेही बंधन नाही, हे पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा या देशात नाही. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंचे प्रकरण आमच्याकडे आले होते. वडिलांनी मुलीच्या नावे थोडी जमीन ठेवली होती. मुलीचे नाव म्हाळसा. तांदळांत लिहिलेले नाव दुसरे. रेशनकार्ड, बँक, मतदारयादी सर्वत्र तेच. जमिनीच्या कामासाठी त्या एका कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांना म्हाळसा नावाच्या बाईस हजर करण्यास सांगण्यात आले. आपणच ती, हे सिद्ध करण्यास त्यांना प्रतिज्ञालेख, दोन साक्षीदार आणि सात महिने लागले. साक्षीदारही कोण मिळणार? ज्यांनी त्यांना म्हाळसा म्हणून हाक मारली होती, त्यांपैकी दोघेच हयात होते. प्रतिज्ञालेखावर सही करताना बाईंनी साठ वर्षांनी ते नाव स्वतःच्या हाताने लिहिले, आणि 'म्हा' च्या जागी 'मा' झाला म्हणून कागद बदलावा लागला.

या दृष्टीने राणी कमलापतींचा व्यवहार पुन्हा पाहण्यासारखा आहे. पती वारलेला, मुलगा अज्ञान, शत्रू घरातलेच. आजच्या भाषेत बोलायचे तर ती अज्ञान मुलाची पालक होती, आणि गाव मुलाच्या दौलतीपैकी होते. अशा पालकास मिळकत देता येते काय? हा प्रश्न पुढे दीडशे वर्षांनंतरही कोर्टांना छळत होता. १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या प्रसिद्ध खटल्यात त्याचे उत्तर दिले : खरी गरज असेल किंवा दौलतीचे हित होत असेल, तर देता येते. त्या खटल्यातही अज्ञान मुलाची आई राणीच होती, आणि तिने दस्तात पालक म्हणून नव्हे तर मालकीण म्हणून व्यवहार केला, असा आक्षेप होता. न्यायमूर्तींनी शब्दांच्या साच्यापेक्षा व्यवहाराच्या खऱ्या अर्थाकडे पाहिले. पुढे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पालक म्हणून प्रथम बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असा क्रम घातला गेला. त्या 'नंतर' चा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या गैरहजेरीतही असा होतो, हे ठरण्यास १९९९ मधील गीता हरिहरन यांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. कमलापतींनी कोणत्याही निर्णयाची वाट पाहिली नाही. कर्ज त्यांनी स्वतःच्या शब्दावर घेतले आणि स्वतःच्या शब्दावर फेडले. त्या कथेत त्यांना कोणी 'अमक्याची विधवा' म्हणून ओळखत नाही. उलट निजामशहाचेच नाव आज सांगावे लागते ते 'कमलापतींचे यजमान' म्हणून.

नाव म्हणजे केवळ हाक मारण्याची सोय, असे मानणाऱ्यांनी साताऱ्याकडे पाहावे. त्या जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव 'नकोशी' ठेवीत. ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. काही मुलींनी आपले नाव स्वतःच निवडले. एकीकडे ही नावे, दुसरीकडे तान्ह्या मुलीला सिकंदर म्हणणारी गौहर बेगम. दोघींच्याही घरी मुलगाच हवा असणार, यात आम्हांस संशय नाही. मुलगी झाल्यावर काय करायचे, एवढ्याच बाबतीत फरक पडला. अलीकडे महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लावला आहे. त्यामुळे 'बिन' आणि 'कोम' च्या जागी प्रथमच आई येऊन बसली. नियम महाराष्ट्राचा असल्याने भोपाळच्या मराठी कुटुंबांना तो लागू नाही. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, नागपूरच्या सचिवालयाबरोबर येथे आलेल्या कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी वाढते आहे, आणि तिच्या दाखल्यांवर नावांचा जुनाच क्रम आहे.

राणीचा महाल अजून उभा आहे. राजा भोजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बांधावर, मोठा तलाव आणि छोटा तलाव यांच्या मध्ये, लहान लखौरी विटांची ती इमारत आहे. पुरातत्त्व खात्याने तिला संरक्षित स्मारक केले आहे. तेथील आणि स्थानकावरील हिंदी पाटीवर नाव 'कमलापति' असे, शेवटचा 'ति' ऱ्हस्व लिहिलेले आढळेल. मराठीत मात्र साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे शेवटचा इकार दीर्घ होतो, म्हणून आपण 'कमलापती' लिहितो. आणि दीर्घ झाल्यामुळे ते नाव देवी, नदी, सरस्वती यांच्या पंक्तीस आपोआप जाऊन बसते. ऱ्हस्व लिहा किंवा दीर्घ लिहा, आमची हरकत नाही. फक्त त्यातील 'प' चा 'व' करू नये.